अकरा सेकंद थांबायचं

हॅलो?

हो, मीच. … नाही, थांब, तू कशाला फोन केलास ते मीच सांगते, तुझा वेळ वाचेल. रविवारी गाडी किती वाजता पाठवू, एवढंच विचारायचंय ना? मी नऊ म्हटलं की झालं. दुपारपर्यंत बाबा तुझ्या मागच्या खोलीत, आणि सोमवारपासून सगळ्या नात्यात बोलणं सुरू, की धाकटीने वडिलांना नेलं हो, धाकटीने करून दाखवलं. अकरा महिन्यांची टोचणी एका फेरीत जाईल. … बरं, टोचणी नव्हती. नव्हती म्हटलं ना.

आणि मला काय मिळणार तेही सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील ताई नेहमी दुसऱ्याचंच मोजते. मला रात्रीची दोन तास जास्त झोप, एक रिकामी खोली, आणि सोमवारपासून ऑफिसात नवी खुर्ची. सरळ बेरीज केली तर तुझ्यापेक्षा माझाच फायदा जास्त. म्हणून तर पुढचं बोलायला मला दोन दिवस लागले.

… नऊ नको. दहाही नको. … अगं, गाडीच नको पाठवूस रविवारी.

…

हो. … हो. … हो, ऐकतेय. तुझं सगळं बोलून होऊ दे. मी कुठे जात नाही, पाय बादलीत घालून बसलेय. कोमट पाण्यात. … आठ तास बसूनच असते, तरी सुजतात. कसे ते विचारू नकोस.

बाबा आतल्या खोलीत आहेत, खिडकीशी. दार लोटलंय. … बरे आहेत. ताप नाही. … पडले नाहीत. … खोकलाही नाही. अगं, तू एकेक आजार काढून बघू नकोस, त्यातला एकही नाही.

… हो, बाबा कबूल झाले होते असं आपण सगळे म्हणतोय. तेच तर.

… मान हलवली, बरोबर. तू फोनच्या पडद्यावर पाहिलंस, जावईबापूंनी पाहिलं, मी तर त्यांच्या शेजारीच बसले होते. आता आठव, मान हलवण्याच्या आधी काय झालं. … तू विचारलंस, बाबा, येणार ना माझ्याकडे? … मग? … मग बाबा म्हणाले, 'धाकटीकडे…' … आणि पुढे? … 'जायला आवडेल' कोण म्हणालं?

… नाही. नीट आठव.

… बघ, तुलाही वाटतंय बाबाच म्हणाले. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. 'जायला आवडेल, हो ना बाबा?' हे मी म्हणाले. त्यांचा एक शब्द, माझे पाच, आणि मग मान. तू रडलीस, जावईबापूंनी टाळी वाजवली, आणि मी मनातल्या मनात सोमवारची खुर्ची पुसून घेतली.

… कुणी सांगितलं म्हणजे? कागदाने सांगितलं.

अगं, थेरपीवाल्या बाईंनी तो डबा दिलाय ना, बोलण्याचा सराव करून घेणारा. रोज सकाळी अर्धा तास. तो विचारतो, बाबा सांगतात, मग त्यांनी सांगितलेलं तो परत त्यांना म्हणून दाखवतो. … खेळणं म्हण, काही म्हण. मीही खेळणंच समजत होते. बाबा अर्धा तास गुंततात तेवढ्यात माझी अंघोळ उरकते, म्हणून मी तो घरात येऊ दिला. त्याचं ऐकण्याबिकण्याशी मला काय करायचं होतं?

परवा बाईंनी बोलावलं आणि समोर कागद ठेवला. त्यात शब्द नाहीत, बाबा काय बोलले ते तो डबा कुणाला देत नाही. नुसते आकडे. प्रश्न संपल्यापासून बाबांना तोंड उघडायला किती सेकंद लागले, आणि उघडल्यावर किती शब्द आले. पहिल्या आठवड्यात डबा दोन सेकंद थांबायचा. उत्तर नाही आलं की पुन्हा तोच प्रश्न. मग त्या आठवड्यात एके ठिकाणी लिहिलंय, उत्तर लगेच, शब्द एक, आवाज मोठा. … हो, शिवीच असणार. बाई म्हणाल्या, झटका आलेल्या पुष्कळांना बाकी काही सुचत नाही पण शिवी आपोआप येते. मी म्हटलं, आमच्याकडे ती झटक्याच्या आधीपासून येते.

… हस. तेवढंच.

मग त्या डब्याने थांबणं वाढवलं. चार सेकंद, सहा. मध्ये 'हं' म्हणून बघितलं, आपण म्हणतो तसं, ऐकतोय बरं का, चालू द्या. पण हं आलं की बाबांची गाडी रुळावरून उतरायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच दिवस त्याने हे बघितलं आणि हं सोडून दिलं. … स्वतःच सोडलं, कुणी सांगितलं नाही. बाई म्हणतात तो तसाच बनवलाय, समोरच्यावरून स्वतःला बदलत जातो. आता प्रश्न विचारतो आणि नुसता एक हिरवा दिवा मंद लावून ठेवतो. अकरा सेकंद. अकराव्या सेकंदाच्या आसपास बाबांचं वाक्य सुरू होतं, आणि मग नऊ नऊ, बारा बारा शब्द येतात.

… हो, बाबांचे. … बारा. मीही तशीच ओरडले, बाईंच्या खोलीत. बाहेरच्या बाकावरचे लोक बघायला लागले.

आता दुसरा रकाना ऐक. खोलीत दुसरं माणूस असताना. … दुसरं माणूस म्हणजे मी, अंघोळ उरकून शेवटी आत येते ती. इथे आणखी कोण असतं? दिवसाच्या मावशी येतात त्या औषधं घेतलेल्या बाबांपेक्षा जास्त झोपतात. तर मी असताना थांबणं दीड सेकंद, शब्द दोन. … बाबांचे दोन. माझे किती ते लिहिलेलं नाही, उपकारच समजायचे.

आणि हे कुणाला ऐकवलं जातंय? मला. जिला ऐकण्याबद्दल बढती मिळालीय.

… कसली बढती म्हणजे? मागच्या आठवड्यात सांगितलं तुला. तेव्हा तू पोराच्या बुटांचं बोलत होतीस. … नाही गं, राग नाही, एवढी ताकद कुठे आहे. परत सांगते. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन मी घेते, इथपर्यंत माहीत आहे ना? मिस्त्री पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायचं, घाबरू द्यायचं नाही. तर आमच्याकडेही एक यंत्र बसवलंय, आम्ही कसं ऐकतो ते ऐकायला. समोरच्याचं संपायच्या आत मी बोलले की माझ्या पडद्यावर पिवळा ठिपका. वर्षभरात माझे ठिपके सगळ्यांत कमी निघाले. शंभरात चौऱ्याण्णव गुण. त्याच्यावर ती जागा मिळाली, नवीन लोकांना ऐकायला शिकवायची. डोक्यावर हेडफोन नाही, कुणी अडकलेलं नाही, पाठ टेकता येते. सकाळी सहा ते दोन.

… सहा. म्हणून तर बाबांना हलवायची एवढी घाई झाली. तुला काय वाटलं, तुझ्या प्रेमाखातर मी लगेच कबूल झाले?

परवा बाईंकडून बसने येताना मी मोजत बसले होते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ पस्तीस मिनिटं अडकले होते, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. एक शब्द बोलायचे, मग धाप, मग दुसरा शब्द. मी हललेसुद्धा नाही. त्यांचं होईपर्यंत थांबले, मग त्यांचेच शब्द त्यांना परत दिले, हो, अंधार आहे, हो, घाम येतोय, इथेच आहे मी. ते बाहेर पडल्यावर मिस्त्रीला म्हणाले, त्या बाईंचे पाय धरायचेत. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मी बाबांची सहा-सात वाक्यं उभ्या उभ्या संपवली असतील.

… का म्हणजे? गॅसवर दूध असतं. कपडे मशीनमध्ये पडलेले असतात. आणि त्यांचं पुढचं मला ठाऊक असतं. पंखा बंद कर, पाणी दे, चष्मा कुठाय. दहातल्या आठ वेळा ते बरोबरच निघतं, घात तोच आहे. आठ बरोबर आले की उरलेल्या दोनांत काय होतं ते कोण विचारतंय? ते मान हलवतात. चुकीचं असलं तरी हलवतात, कारण पुन्हा अकरा सेकंदांचा डोंगर चढायचा आणि वर मी उभीच.

… हो, ऐक ना, अजून मुख्य राहिलंय.

काल सकाळी मी चोरी केली. … अंघोळीला गेलेच नाही. नळ सोडला, न्हाणीघराचं दार आपटलं, आणि बाबांच्या दाराबाहेर येऊन उभी राहिले. … हो, स्वतःच्या घरात, टॉवेल खांद्यावर टाकून, चोरासारखी. … डब्याने विचारलं, आज खिडकीतून काय दिसतंय? आणि मग काही नाही. अगं, काहीच नाही. सहाव्या सेकंदाला माझं तोंड उघडलं होतं, 'क्रेन दिसतेय बाबा, क्रेन म्हणा' असं आत ओरडणार होते. टॉवेल दातांत धरला. खोटं नाही सांगत.

अकरा झाले, आणि आतून बाबा म्हणाले, 'पोरगं नवं आहे. भार झुलवतंय. आज तीनदा झुलवला.'

… समोर इमारत उठतेय ती. तू आलीस तेव्हा नुसता खड्डा होता. आता नववा मजला चाललाय, आणि तिच्या क्रेनवर कुणीतरी नवा माणूस आहे. बाबा रोज सकाळपासून त्याची परीक्षा घेत बसतात. बत्तीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये काढली, आता समोरचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाललंय, फक्त त्या लोकांना कळवलेलं नाही.

तर डबा म्हणाला, क्रेन चालवणारा नवा आहे आणि आज त्याने तीनदा भार झुलवला, असं म्हणालात. बरोबर का? बाबा म्हणाले, 'बरोबर.' आणि कुठल्या आवाजात म्हणाले सांगू? वॉकीटॉकीवरच्या. … हो, तोच. आठवतं ना, आपण डबा घेऊन जायचो तेव्हा खाली उभं राहून ऐकायचो? … जेवणाचा डबा गं. खालचा माणूस सांगणार, वरून बाबा तेच शब्द परत म्हणणार, खालचा बरोबर म्हणणार, तेव्हा भार हलणार. अर्धवट ऐकू आलं की बाबा दांड्यावरचा हात काढून घ्यायचे आणि बसून राहायचे. … हो, मुकादम खालून नाचायचा. नाचू दे म्हणायचे. आता त्या खोक्याला ते 'खालचा' म्हणतात. मला वाटायचं डोक्यात गोंधळ झालाय. गोंधळ काही नाही, बरोबर नाव ठेवलंय.

बत्तीस वर्षांत अर्ध्या वाक्यावर त्या माणसाने एक वीट हलवली नाही. आणि आपण त्यांनाच हलवायला निघालो.

… थांब, अजून आहे. नंतर डब्याने विचारलं, या रविवारी काय आहे? … येणाऱ्या दिवसांबद्दल विचारायचं असतं त्यात, दिवसवार लक्षात राहावं म्हणून. तेरा सेकंद लागले. आता त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते, यात माझा एकही नाही. म्हणाले, 'रविवारी मला नेणार आहेत. मला विचारलं नाही. मी बोलायला निघतो आणि थोरली माझ्या आधी पोचते.'

…

आहेस ना?

… नाही, चिडून नाही म्हणाले. खिडकीतून काय दिसतं ते सांगावं तसं सांगितलं. चिडले असते तर मला भांडता आलं असतं.

… हो, नळ तसाच चालू होता.

… काय म्हणालीस?

… परत बोल.

अच्छा. म्हणजे हे मी रचलंय. बाबा माझ्याकडेच राहावेत, लोकांनी थोरलीचंच नाव घ्यावं, म्हणून. … नाही, बोल तू, पुरं बोल, मी मध्ये येत नाही. … झालं? आता माझं ऐक. नाव तू घेऊन जा. पोत्यात भरून घेऊन जा, मला दारात ठेवायलाही जागा नाही. सकाळी पाचला उठून त्यांचा उजवा हात बाहीत घालायचा, तो हात मदत करत नाही, आणि बाही ताणून फाटली की ते माझ्याकडे बघतात. हे अकरा महिने. परवापर्यंत मी दिवस मोजत होते, रविवारला किती राहिले. रचायचंच असतं तर तुझ्या बाजूचं रचलं असतं.

… बरं. बरं, सोड. मीही तुला टोचणी म्हटलं मघाशी.

तुझ्या मागच्या खोलीचं म्हणशील तर तिला खिडकी नाही, हे तूही जाणतेस. … झरोका. बरं, झरोका आहे. वरच्या मजल्यावर खिडकी आहे पण मध्ये जिना आहे. … आकाशी रंग दिला? छान असेल. अगं, रंगाचं काहीच नाही. जावईबापूंनी मनापासून केलंय, कळतं मला.

… त्यांना काय हवंय? तेही सांगितलं त्यांनी, पण मी आता सांगणार नाही. … रुसले नाही गं. मी सांगितलं तर पुन्हा त्यांचं वाक्य माझ्याच तोंडून तुझ्याकडे येणार. तूच विचार. आत्ता विचार, देते त्यांना फोन.

पण एक. प्रश्न विचारायचा आणि गप्प. अकरा सेकंद थांबायचं, घड्याळात बघून. 'हं' नाही. 'हॅलो' नाही. 'बाबा, ऐकू येतंय ना' नाही. त्यांचा श्वास ऐकू येईल, मध्ये घशातून काहीतरी येईल, तिथे तुला वाटेल आता आपण हात द्यायला हवा. नाही द्यायचा. … सोपं वाटतं ना? कर.

थांब, पाय पुसते. …

बाबा? … धाकटीचा फोन आहे. तिला रविवारचं तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी इथेच उभी आहे, बोलणार नाही. धरा. असा, कानाला.

…

…

द्या बाबा, एक मिनिट द्या इकडे.

हॅलो. बोललीस ना मध्ये? … कितव्या सेकंदाला? … सहाव्या. मला इथे कळलं, कारण बाबांनी मान हलवली. फोनला. तुला दिसतसुद्धा नाही आणि हे मान हलवतायत. … काय विचारलं होतंस? … 'बाबा, येताय ना?' आणि ते काय म्हणाले? … काही बोलले नाहीत. मग मध्ये काय म्हणालीस? … 'हो ना, येताय ना, मला माहीत होतं.' … नाही, हसत नाही मी. गेल्या रविवारी मी हेच केलं, म्हणून लगेच ओळखलं.

पुन्हा कर. प्रश्न बदल. 'येताय ना' नको, त्यात उत्तर तूच घालून पाठवतेस. नुसतं विचार, रविवारी काय करायचं? आणि मग घड्याळ. … तोंडावर हात ठेव वाटलं तर. मी टॉवेल घेतला होता.

बाबा, पुन्हा. … हो, तिचं चुकलं. माझ्यावर गेलीय.

…

…

…

…

'धाकटे… खोली… रंगवलीस… चांगलं केलंस.'

…

…

'समोर… पंधरा मजले आहेत. … ते होऊ देत. … मग येतो. … गाडी… पाठवू नकोस. … तू ये.'

…

'परत म्हण.'

…

…

'बरोबर.'

…

द्या बाबा. … हो, देतेय पाणी. तुम्ही बसा.

हॅलो. मी आहे. … रडून घे. … मी एकोणीस मोजले. तू? … अठरा. असेल, तुझं घड्याळ मागेच पडतं. दुसऱ्यांदा जास्तच लागतात त्यांना, पहिलं मोडलेलं असतं ना.

… हो, पंधरा मजल्यांची इमारत आहे. नववा चाललाय, मजल्याला तीन आठवडे लागतात, मी स्लॅबच्या फळ्या चढताना मोजलंय. साडेचार महिने धर. आणि ती पुरी झाली की क्रेन जाणार, आपल्या खिडकीसमोर नुसती भिंत उरणार आहे. तेव्हा इथे बसण्यात काही राम नाही, हे त्यांनी आपल्या आधीच हिशोबात धरलंय. … हो, त्यांनी सगळं ठरवलेलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

गाडीवाल्याला आजच कळव. जावईबापू नाराज होतील. त्यांना सांग, रंगाचा वास जायला वेळ मिळाला. … आणि साडेचार महिन्यांनी तू स्वतः यायचंस. 'परत म्हण' म्हणाले ना तुला? मग आता तुझी सुटका नाही.

… माझं? माझं काय.

… सोमवारी सहाला कशी जाणार? मावशी नऊच्या आत येत नाहीत. … विचारलं, शिकवणं सकाळच्या पाळीतच असतं. … दुसरी बाई? पहाटे साडेपाचला येणारी? मिळाली तरी तिला अकरा सेकंद थांबायला कोण शिकवणार, मी? … नको, तू रोज येते असं बोलून बसू नकोस, जाऊन-येऊन सहा तासांचा रस्ता आहे. तू मनापासून म्हणतेस ते पोचलं. पण नको.

उद्या साहेबांना सांगते की मला नको ती जागा. आमच्या पोपटाला मिळेल. … पोपट म्हणतो आम्ही त्याला, समोरचा 'मी अडक' म्हणेपर्यंत हा 'घाबरू नका' म्हणून मोकळा. एकाहत्तर गुण आहेत. आता तो सगळ्यांना ऐकायला शिकवेल.

… अगं, मला काय वाटायचंय? चालायचंच. बाबांचं नीट झालं, बास. मी आपली आहे तिथे बरी आहे, सवय झालीय, आणि हेडफोनचं काय, तो आता…

…

काय गं? फोन कट झाला का?

… आहेस. मग बोलत का नाहीस?

…

माझ्यावर मोजतेयस?

…

…

मला हवी होती गं ती खुर्ची.

… हो. … खूप. सात वर्षं आहे मी तिथे. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं तेव्हा मी खाली बघितलं, उगाच, आनंद दिसू नये म्हणून. पाठ टेकून बसायचं, कुणी माझ्या कानात रडत नाहीये, एवढंच. आणि संध्याकाळी घरी आल्यावर बाबांसाठी थोडी तरी शिल्लक राहीन, असंही वाटलं होतं.

… नाही, आता काही म्हणू नकोस. म्हटलंस तर समजूत काढशील. तू ऐकलंस तेवढं पुष्कळ झालं. आजवर कुणी मला अकरा सेकंद दिले नव्हते, मीच द्यायची, कामावर.

चल, रात्र होईल अशाने. … हिशोब ना, सांगते. तुझा रविवार मोकळा झाला, आणि साडेचार महिन्यांनी स्वतःच्या पायाने येणारे वडील मिळणार. बाबांना सहा मजले मिळाले. डब्याला काही मिळालं नाही, पण त्याने मागितलंही नव्हतं. पोपटाला बसल्या जागी खुर्ची मिळाली, आणि त्याला कधी कळणारही नाही कुठून आली.

… नाही गं, तू काही देणं लागत नाहीस. यात देणारी एकच निघाली, आणि तिला उद्या दहाला कामावर हजर व्हायचंय. ठेवते.